मालगुंडच्या घराला सहलीतली पंधरा मिनिटे पुरत नाहीत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

नोव्हेंबर संपत आला की राज्यभरातल्या शाळांच्या सहली निघू लागतात आणि त्यांतल्या पुष्कळशा कोकणात उतरतात. रत्नागिरी जिल्ह्यात आलेली सहल गणपतीपुळ्याला गेली नाही, असे सहसा होत नाही. तिथून जेमतेम दोन किलोमीटरवर मालगुंड आहे. मराठी कवितेला नवे वळण देणारे कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच केशवसुत, १८६६ साली या गावात जन्मले. त्यांचे जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेने जतन केले असून १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते या स्मारकाचे उद्घाटन झाले. अलीकडे सहलीच्या कार्यक्रमात या घराचे नाव असते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु देवदर्शन, समुद्रकिनारा, जेवण आणि परतीचा प्रवास यांच्या मध्ये कुठेतरी त्याला पंधरा-वीस मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यावर 'साहित्यिकाच्या घराला भेट' अशी नोंद शाळेच्या वार्षिक अहवालात होते. मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. या भेटीचे स्वरूप बदलावे, यासाठी आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून शाळा, पालक आणि शिक्षण विभाग यांच्यापुढे काही म्हणणे मांडू इच्छितो.

त्या पंधरा-वीस मिनिटांत काय घडते, ते सहलींबरोबर जाणाऱ्या कोणत्याही शिक्षकाला ठाऊक आहे. समुद्रात मनसोक्त खेळून मुले अर्धवट ओल्या कपड्यांनी गाडीतून उतरतात. पायांना वाळू, पोटात भूक आणि सोबतच्या शिक्षकांना पुढच्या मुक्कामाची घाई, अशा अवस्थेत त्यांची रांग घरात जाते आणि तशीच बाहेर येते. कोणीतरी 'हे केशवसुतांचे घर, यांनी तुतारी लिहिली' एवढे मोठ्याने सांगतो. आवारात दगडांवर कोरलेल्या कवितांपुढे उभे राहून फोटो काढले जातात. कविता वाचण्यासाठी मात्र कोणी थांबत नाही. तोवर चालक हॉर्न वाजवू लागतो. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या माणसाची एकही ओळ आपल्या तोंडी बसलेली नाही, त्याचे घर पाहून त्यांनी काय करावे? सारवलेली जमीन आणि जुनी भांडीकुंडी त्यांच्यापैकी अनेकांनी आजोळी पाहिलेली असतात.

माझे म्हणणे असे आहे की लेखकाच्या घराची सहल वर्गात सुरू झाली पाहिजे आणि त्या घरी पोहोचल्यावर मुलांना निदान अर्धा दिवस मिळाला पाहिजे. एवढे जमणार नसेल, तर ते नाव यादीतून काढून टाकावे. कवीच्या घरातून घाईघाईने फिरून आलेल्या मुलाच्या मनात 'तिथे बघण्यासारखे काही नव्हते' हे मत कायमचे पक्के होते, आणि मग मोठेपणी ते त्या वाटेला पुन्हा जात नाही.

मालगुंडचे हे घर कोकणातल्या जुन्या घरांसारखे उतरत्या छपराचे आहे. आत त्या काळच्या वापरातल्या वस्तू मांडल्या आहेत, बाहेर काव्यशिळा आहेत, आधुनिक मराठी कवींची ओळख करून देणारे दालन आहे, ग्रंथालय आहे. मधु मंगेश कर्णिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरापासून दूर एका खेड्यात कवीच्या नावाने एवढे सगळे उभे केले, याबद्दल मराठी वाचकाने कृतज्ञच असायला हवे. माझी तक्रार स्मारकाविषयी नाही. ते पाहण्याच्या रूढ झालेल्या पद्धतीविषयी आहे.

हे घर दाखवताना मुलांना एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगावी लागते. केशवसुतांनी आपल्या गाजलेल्या कविता इथे लिहिलेल्या नाहीत. वडिलांच्या कामामुळे त्यांचे बालपण दापोलीजवळच्या वळणे या गावी गेले आणि प्राथमिक शिक्षण खेडला झाले. पुढे बडोदे, वर्धा, नागपूर आणि पुणे अशी शिक्षणासाठी भटकंती झाली. चिपळूणकर आणि टिळक यांनी १८८० साली काढलेल्या पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधून ते मॅट्रिक झाले ते १८८९ साली, म्हणजे आजच्या हिशेबाने पदवी घेऊन बाहेर पडण्याचे वय उलटल्यावर. मग मुंबईत तुटपुंज्या पगाराच्या नोकऱ्या, नंतर खानदेशात फैजपूरला शिक्षकी आणि शेवटी धारवाड. ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळीत प्लेगने त्यांचा अंत झाला, तेव्हा वयाची चाळिशीही उलटलेली नव्हती. 'तुतारी' १८९३ ची, मुंबईतली, 'आम्ही कोण?' १९०१ ची, फैजपूरची. हयातीत त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. सुमारे १३५ कवितांचा तो ऐवज पुस्तकरूपाने आपल्या हाती आला, तो त्यांच्या मृत्यूनंतर हरि नारायण आपटे यांनी संपादनाचे कष्ट घेतले म्हणून.

मग कविता जिथे लिहिल्याच नाहीत, त्या घरात पाहायचे काय, असा प्रश्न आमच्याच शिक्षकदालनात निघाला होता, आणि तो रास्त होता. माझे उत्तर असे की घर सोडून गेलेल्या माणसाची कविता समजायची, तर तो कुठून निघाला ते पाहिले पाहिजे. केशवसुतांच्या कवितेत घराची ओढ पुन्हापुन्हा येते. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याला उद्देशून त्यांनी कविता लिहिली, गावी गेलेल्या मित्राची खोली लागलेली पाहून लिहिली, आणि 'गोष्टी घराकडिल मी वदतां गड्या रे' या ओळीने सुरू होणारी कविता तर या भेटीसाठीच लिहिली असावी इतकी चपखल आहे. परगावी राहणारा कवी मित्राशी घरच्या गोष्टी बोलता बोलता मनाने घरी जाऊन पोहोचतो, आणि मग 'आहे घरासचि असें गमतें मनास, ह्या येथल्या सकळ वस्तु उगीच भास' अशी त्याची अवस्था होते. त्या कवितेतले घर मालगुंडचे की वळण्याचे, ही चर्चा अभ्यासकांनी करावी. नववीतल्या मुलांना कोकणातल्या घराच्या ओटीवर बसून ती म्हणता येते, हे मला जास्त मोलाचे वाटते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या नववीच्या सहलीत आम्ही हे करून पाहिले. दिवाळीची सुट्टी संपल्याबरोबर तयारीला लागलो. आठवड्यातला मराठीचा एक तास सहलीसाठी राखून ठेवला आणि मोजक्याच कविता निवडल्या. 'गोष्टी घराकडिल' वसंततिलका वृत्तात आहे. वृत्त म्हणजे लगक्रम लावा, गण पाडा आणि परीक्षेत गुण मिळवा, एवढीच ज्यांची ओळख, त्या मुलांना आधी ते वृत्त चालीवर म्हणायला शिकवले आणि गण नंतर पाडायला लावले. 'सतारीचे बोल' मुलांनी आपण होऊन पाठ केली, कारण तिच्यात 'दिड दा, दिड दा' असे सतारीचे बोलच कवितेचे पालुपद होऊन येतात आणि ते म्हणताना हात आपोआप बाकावर ताल धरू लागतात. अंधाऱ्या रात्री मनात खंत घेऊन हिंडणारा एक माणूस सतार ऐकून हळूहळू शांत होतो, एवढीच तिची गोष्ट. परंतु आधी त्याला त्या आवाजाचा रागच येतो, ही गोष्ट मुलांना फार खरी वाटली. केशवसुतांचे धाकटे भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली मराठीचे जे मोठे शास्त्रीय व्याकरण लिहिले, त्याचाही एकदा उल्लेख केला. एका घरातल्या एका भावाने कवितेचे जुने संकेत मोडले आणि दुसऱ्याने भाषेचे नियम तपासून मांडले, हे ऐकून व्याकरणाच्या तासाला डुलक्या घेणाऱ्यांनीही प्रश्न विचारले.

फळ्यावर आम्ही एक नकाशा काढला होता. मालगुंड, वळणे, खेड, बडोदे, वर्धा, नागपूर, पुणे, मुंबई, फैजपूर, धारवाड, हुबळी. आमच्या तालुक्यातल्या बहुतेक घरांतला कोणी ना कोणी मुंबईत किंवा वाशीच्या बाजारात माथाडीचे काम करतो, त्यामुळे पोटासाठी गाव सोडणे म्हणजे काय, हे मुलांना समजावून सांगावे लागत नाही. नकाशा पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो कवितेविषयी नव्हता. एवढ्या ठिकाणी फिरताना त्यांच्या घरचे कुठे राहत होते, असे त्यांनी विचारले.

कुंभार्ली घाट उतरून, चिपळूणमार्गे आम्ही गणपतीपुळ्याला मुक्कामी पोहोचलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्ता झाल्यावर सर्वांत आधी मालगुंडला गेलो. हा क्रम मी मुद्दाम सांगतो, कारण सगळे त्याच्यावर अवलंबून असते. सकाळी मुले ताजीतवानी असतात, कपडे कोरडे असतात, घरात गर्दी नसते. समुद्र दुपारनंतरही तिथेच असतो. घर लहान आहे, त्यामुळे पूर्ण वर्ग एकदम आत नेला तर कोणालाच काही दिसत नाही. आम्ही मुलांचे तीन गट केले. एक घरात, एक काव्यशिळांपाशी आणि एक कवींच्या दालनात, असे ते फिरत राहिले. बा. सी. मर्ढेकर हे आमच्या सातारा जिल्ह्यातल्या मर्ढे गावच्या घराण्यातले. पण त्यांचा जन्म १९०९ साली झाला तो फैजपूरला, म्हणजे जिथे काही वर्षांपूर्वी केशवसुत शिकवत होते आणि जिथे त्यांनी 'आम्ही कोण?' लिहिली, त्याच गावी. एवढे सूत्र हाती दिल्यावर मुलांनी दालनातले कवी गावांवरून शोधायला सुरुवात केली, आणि ज्यांना कवितेत रस नव्हता ते नकाशासाठी तरी वह्या काढून बसले.

मग सगळ्यांनी मिळून कविता म्हटल्या. 'गोष्टी घराकडिल' म्हणून झाल्यावर एका मुलीने सांगितले की तिचे वडील बाजारातून रात्री फोन करतात तेव्हा माणसांची विचारपूस झाल्यावर म्हशीने दूध किती दिले, परड्यातल्या शेवग्याला शेंगा आल्या का, तेही विचारतात. आणि आई उत्तर देत असताना ते मध्येच गप्प होतात. तिला त्या गप्प होण्याचा अर्थ लागला होता. कवितेच्या रसग्रहणाचा याहून चांगला उतारा मी उत्तरपत्रिकेत वाचलेला नाही. वर्गात ही मुलगी फारशी बोलत नाही. तिथे बोलली, कारण हातात वेळ होता, कोणी घड्याळ दाखवत नव्हते आणि ज्या ओळींविषयी बोलायचे त्या तिला आधीपासून पाठ होत्या.

दुसरा प्रसंग याहून मोठा आहे. आम्ही वर्गात 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' ही १८८८ सालची कविता वाचली होती. रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना वाटेने जाणारा ब्राह्मण सावली पडेल म्हणून दूर हटकतो, आणि एक मूल घरी जाऊन आईला त्याचे कारण विचारते, असा तिचा विषय. साल ऐकून एका मुलाने हिशेब केला की डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म १८९१ चा, म्हणजे ही कविता त्याच्याही तीन वर्षे आधीची आहे. महात्मा फुले तेव्हा हयात होते, ही भर मी घातली. वर्गात चर्चा तिथेच थांबली. मालगुंडला घराच्या ओटीवर बसल्यावर त्याच मुलाने विचारले, "सर, तेव्हा या ओटीवर कुणाकुणाला येऊन बसता आलं असतं?"

हा प्रश्न पुस्तकातून सुचत नाही. त्यासाठी ओटी समोर असावी लागते, अंगण आणि ओटी यांच्या मधल्या पायऱ्या दिसाव्या लागतात, आणि मनात ती कविता असावी लागते. मग आम्ही त्या काळच्या घरात कोण कुठवर येऊ शकत असे, याविषयी बोललो. अंगणातच थांबणारे कोण, ओटीवर बसणारे कोण, माजघरात कोणाला प्रवेश, स्वयंपाकघरात कोणाला, आणि घरातल्या बायका ओटीवर केव्हा येत, हे सगळे निघाले. जी घराची रचना एरवी 'जुन्या पद्धतीचे कोकणी घर' म्हणून दाखवून सोडून देतात, ती मुलांनी वाचायला घेतली. उच्चवर्णीय घरात जन्मलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या तरुणाने सावलीचा प्रश्न त्या मुलाच्या बाजूने विचारला, याचे मोल त्यांना त्या ओटीवर कळले. 'मजुरावर उपासमारीची पाळी' ही १८८९ ची कवितासुद्धा मग मुलांनी आपण होऊन मागून घेतली. सामाजिक कवितेवर मी आजवर केलेल्या व्याख्यानांपेक्षा ती सकाळ अधिक उपयोगी पडली, असे मी खात्रीने सांगतो.

यावर नेहमीचे आक्षेप ठाऊक आहेत. पहिला वेळेचा. अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात कवितेसाठी जादा तास कुठून आणायचे? परंतु आम्ही जादा तास घेतलेच नाहीत. वृत्ते, रसग्रहण, वाचन, प्रकट भाषण, सहलीवरचा निबंध ही सगळी कामे अभ्यासक्रमात आहेतच. त्यांना एक ठिकाण मिळाले, एवढेच. दुसरा आक्षेप असा की मुलांना मजा हवी असते. मजेला माझा विरोध नाही. दुपारी आमची मुलेही वाळूत खेळली. सहलीत निदान एक ठिकाण असे असावे की जिथे जाण्याआधी मुलाला त्याच्याविषयी काही ठाऊक असेल, एवढीच अपेक्षा आहे, आणि अशा ठिकाणी मुले कंटाळत नाहीत.

खरी अडचण निराळी आहे आणि तिच्याविषयी उघडपणे बोलले जात नाही. पुष्कळ शाळांच्या सहली आता तयार पॅकेज घेऊन जातात. ठिकाणे, जेवण, गाडी आणि वेळापत्रक सगळे व्यावसायिक ठरवतो. दोन दिवसांत जितकी जास्त ठिकाणे तितके पॅकेज आकर्षक, म्हणून यादी लांबत जाते. वॉटर पार्कला अख्खा दिवस मिळतो, कारण त्याचे तिकीट पॅकेजमध्ये धरलेले असते, आणि कवीचे घर 'वाटेत आहे' म्हणून जोडले जाते. माझ्या ओळखीच्या एका शाळेने मालगुंडला दोन तास मागितले, तेव्हा 'तेवढ्या वेळात आणखी दोन पॉइंट होतात' असे उत्तर त्यांना मिळाले. सहल कोणी ठरवायची, हा प्रश्न मुख्याध्यापकांनी आणि शाळा व्यवस्थापन समित्यांनी स्वतःला विचारला पाहिजे. एसटी महामंडळ शालेय सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते. एसटीची गाडी ठरवली की वेळापत्रक शाळेच्या हाती राहते आणि खर्चही आटोक्यात येतो. आमच्या शाळेतल्या ज्या पालकांना पॅकेजचे पैसे परवडले नसते, त्यांची मुले त्यामुळेच येऊ शकली.

सुरक्षिततेचा मुद्दाही आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, ते दुःख महाराष्ट्र विसरलेला नाही. गणपतीपुळ्याचा समुद्रही फसवा आहे, तिथे पर्यटक बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून येतच असतात. तरीही सहलीचा सर्वांत जास्त वेळ आपण किनाऱ्यावर घालवतो, आणि जिथे मुले सावलीत, शिक्षकांच्या नजरेसमोर, निर्धास्तपणे बसू शकतात, तिथून त्यांना घाईने बाहेर काढतो. पालकांनी संमतीपत्रावर सही करताना किनाऱ्यावर किती तास आणि बाकी ठिकाणी किती, हे एकदा विचारून पाहावे.

शिक्षण विभागाला माझी विनंती साधी आहे. सहलीच्या परवानगीसाठी शाळा पालकांची संमतीपत्रे, गाडीची कागदपत्रे, सोबत जाणाऱ्या शिक्षकांची यादी, प्रथमोपचाराची व्यवस्था अशी भलीमोठी कागदपत्रे जोडतात, आणि ती जोडायलाच हवीत. सहलीला 'शैक्षणिक' हे विशेषण मात्र कोणत्या आधारावर लावले, ते या कागदांत कुठे विचारले जात नाही. प्रत्येक ठिकाणासाठी मुलांनी आधी काय वाचले आणि तिथे किती वेळ थांबणार, एवढे दोन रकाने प्रस्तावात वाढवावेत. साहित्यिकाच्या घराला भेट असेल, तर त्या भाषेच्या शिक्षकाचा सोबतच्या चमूत समावेश सक्तीचा करावा. पुष्कळदा सहलीबरोबर गणित, विज्ञान आणि क्रीडा शिक्षक जातात आणि मराठीचे शिक्षक मागे राहून बाकीच्यांचे तास घेतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याचे समारंभ आपण केले. आता त्या भाषेच्या कवीच्या दारात भाषेचा शिक्षक उभा असावा, एवढे तरी घडावे.

स्मारक चालवणाऱ्या मंडळींकडेही काही मागणे आहे, आणि ते आपुलकीने करतो. मुलांसाठी केशवसुतांच्या निवडक कवितांची, कठीण शब्दांचे अर्थ दिलेली एक छोटी पुस्तिका असावी आणि ती शाळांना सहलीच्या आधी मागवता यावी. कवीच्या प्रवासाचा मोठा नकाशा मुलांच्या उंचीला लावावा. शाळांनी आधी कळवले तर सकाळचा ठरावीक वेळ एकाच गटासाठी राखून ठेवावा, म्हणजे तीन शाळांची मुले एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत. परिसरातले निवृत्त शिक्षक, महाविद्यालयातले विद्यार्थी यांच्यापैकी कोणी मुलांशी बोलायला मिळाले तर फारच चांगले. पण ते बोलणे भाषण होऊ नये. सनावळ्या मुले पाठ करतात आणि विसरतात. गावातले कोणी वयस्कर माणूस जुन्या घरातली पडवी आणि कोनाडा कशासाठी असे ते सांगेल, तर मुले कान देऊन ऐकतात.

मालगुंडविषयी मी लिहिले, कारण ते मी मुलांसह पाहिले आहे. ज्यांना कोकण दूर पडते, त्यांनी आपल्या जवळचे घर निवडावे. दापोली तालुक्यात पालगडला साने गुरुजींचे घर आहे, जळगावात बहिणाबाईंचा चौधरी वाडा आहे, सांगली जिल्ह्यात वाटेगाव हे अण्णा भाऊ साठे यांचे गाव आहे, नाशिकला कुसुमाग्रजांचे स्मारक आहे. यांतल्या प्रत्येक ठिकाणी मुलांना घेऊन जाण्याजोगे साहित्य त्या त्या लेखकाने लिहून ठेवले आहे आणि बहुतेक शाळांच्या कपाटांत ते असते. बहिणाबाईंच्या ओव्या पाठ करून चौधरी वाड्यात गेलेल्या मुलांना काय दिसते, हे खानदेशातल्या एखाद्या शिक्षकाने आपल्या वृत्तपत्रात लिहावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. फैजपूरच्या शाळांना तर मालगुंडपर्यंत यायचीही गरज नाही, 'आम्ही कोण?' त्यांच्याच गावात लिहिली गेली. त्यांनी गावातच एक फेरी काढावी.

येत्या हंगामासाठी शाळांना ठरवायचे असेल, तर वेळापत्रक अवघड नाही. केशवसुतांचा स्मृतिदिन ७ नोव्हेंबरला येतो, आणि दुसरे सत्र साधारण त्याच सुमारास सुरू होते. त्या आठवड्यात पहिली कविता वाचायला घ्यावी. डिसेंबरच्या अखेरीस सहल निघेपर्यंत सात-आठ तास सहज मिळतात. मुक्काम गणपतीपुळ्याला किंवा रत्नागिरीला करावा. रत्नागिरी तिथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे आणि तिथले टिळकांचे जन्मस्थान त्याच सहलीत पाहता येते. मालगुंडला सकाळी जावे, किनाऱ्यावर दुपारी, आणि स्मारकाला आधी पत्र पाठवून वेळ ठरवून घ्यावी. आमच्या शाळेने तयार केलेली कवितांची निवड, कठीण शब्दांचे अर्थ आणि मुलांनी काढलेला नकाशा कोणत्याही शाळेला हवा असेल, तर आपल्या कार्यालयामार्फत विचारणा झाल्यास मी आनंदाने पाठवीन.

आपला विश्वासू,
माध्यमिक शाळेतील एक मराठी शिक्षक,
जि. सातारा